भामाबाईचा अंगठा

“आजोबा, ठराव तुमच्याच लोकांनी मंजूर केलाय म्हणे,” अपेक्षा वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा हरिबापुढे सरकवला.

हरिबाने चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून पुन्हा चढवला. सांगलीच्या कोर्टामागच्या त्या एवढ्याशा खोलीत शेजारच्या खुर्चीवर त्याच्यासारखाच मेंढरं राखणारा नाथाजी मांडी घालून बसला होता. या कागदांसाठी दोघे तीन महिने खेटे घालत होते. कुपवाडच्या लोकर कंपनीत बेचाळीस धनगरांचे चिमूटभर शेअर होते. बाकीचे सगळे कंपनी चालवणाऱ्या लालासाहेबांच्या घरात. ज्या शेडमध्ये यांची लोकर उतरायची, पिंजली जायची, ती जागाच लालासाहेबांनी आपल्या जावयाला विकल्याचं कानावर आलं. पोरं म्हणाली, सरळ दावा ठोका. वकीलबाई म्हणाल्या, आधी सभेचे कागद मागा, शेअर असलेल्याला तो हक्क आहे. दाव्याचं मग ठरवू. हरिबाला ते पटलं होतं. मेंढरू घेतानासुद्धा माणूस आधी त्याचे दात बघतो.

आता दात दिसत होते. चौदा जानेवारीची विशेष सभा. ठराव, जागा विकण्याचा. सोबत संमतीचे बेचाळीस कागद. प्रत्येकावर टाइप केलेला मजकूर आणि खाली नाव. एकेचाळीस अंगठे आणि एक सही. सही हरिबाची.

“चौदा जानेवारीला आमी समदी कोकणात,” नाथाजी म्हणाला. “संक्रांत तिकडंच केली. हितं अंगठं कुणी दिलं?”

एकेक कागद उलटत हरिबा भामाबाईच्या नावापाशी थांबला. भामाबाई त्याची बायको. त्या सभेच्या दोन महिने आधी, मेंढरांबरोबर कुंभार्ली घाट उतरताना तापाने गेली होती.

वकीलबाईंनी ते नाव आधीच हेरलं होतं. मेलेली बाई संमती देते, याहून मोठा पुरावा कुठला, असं त्या हुरूपाने सांगू लागल्या. अंगठा बनावट आहे एवढं हरिबाने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं की कंपनीची बोलतीच बंद.

हरिबा अंगठ्याकडे बघत राहिला. मधोमध एक पांढरी तिरकी रेघ होती. लोकर कातरताना मेंढीने हिसडा दिला आणि कातर अंगठ्यात घुसली, तेव्हा हळद दाबून चिंधी त्यानेच बांधली होती. ती खूण शेवटपर्यंत बुजली नाही. अंगठा भामाबाईचाच होता, आणि तो कुणी घेतला हेही हरिबाला ठाऊक होतं.

दर दिवाळीला, मेंढरं कोकणात उतरायच्या आधी, ते काम तोच करायचा. चौथी शिकलेला तेवढा तोच. तुमच्या माघारी एखादी सभा लागली तर अडायला नको, असं कंपनीचे साहेब म्हणायचे आणि कोऱ्या कागदांची चवड हातात द्यायचे. हरिबा वस्तीवस्तीवर फिरून अंगठे घ्यायचा. कुणी कधी विचारलं नाही. हरिबा मागतोय म्हटल्यावर झालं. मग ती चवड कुपवाडला नेऊन द्यायचा आणि वर साहेबांचा चहा पिऊन यायचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा आपण, हे त्याला सत्तरीला टेकल्यावर कळत होतं.

“लिहायचं ना मग?” वकीलबाईंनी विचारलं. नाथाजीही आशेने बघत होता. एक शब्द खोटा बोलला असता तर शेडही वाचली असती आणि हरिबाची लाजही.

“न्हाई,” तो म्हणाला. “अंगठा तिचाच हाय. कागद कोरं व्हतं. समदं मीच गोळा केलं आन् मीच निऊन दिलं.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. असं सांगितलं तरी दावा उभा राहील, पण वर्षानुवर्षं लांबेल, आणि कंपनी पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवेल, असं त्यांनी समजावलं. हरिबाने मान हलवली. कंपनीचं त्याला काही वाटत नव्हतं. नाथाजीकडे बघायचा मात्र धीर होत नव्हता.

नाथाजीने मांडी सोडली.

“गड्या, आमी अंगठं कंपनीला दिलंच नव्हतं,” तो म्हणाला. “तुला दिलं व्हतं.” आणि पायताण घालून तो बाहेर गेला.

हरिबाने खरं ते सगळं लिहून घ्यायला सांगितलं. लिहून झाल्यावर एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. मजकुराखालची मोकळी जागा रेघ मारून बंद करायला लावली, आणि मगच सही केली. मग गठ्ठ्यातला भामाबाईचा कागद उचलून, खटला मिटल्यावर हा तेवढा आपल्याला मिळेल का, असं त्याने हळूच विचारलं. घरात तिचा फोटो नव्हता.

“ही झेरॉक्स आहे, आजोबा. हवी तर आत्ताच न्या,” वकीलबाई म्हणाल्या. “खरा कागद कंपनीच्या कपाटात.”

हरिबाने त्या तिरक्या रेघेवरून बोट फिरवलं. कागद सपाट होता. त्याने तो गठ्ठ्यात जिथल्या तिथे ठेवला आणि नाथाजी थांबलाय का, ते बघायला उठला.