विक्कीच्या हातचा मेनू

"ह्यातलं विंग्रजी काड आदी," चिमामावशी म्हणाल्या आणि मी नुकताच जिवंत केलेला गेम कन्सोल त्यांनी माझ्या दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवरून माझ्याकडे परत सरकवला.

मला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. हातात मावणारं ते जुनं यंत्र लोणावळ्याच्या बाजारात कुणी दुरुस्तीला घेत नव्हतं. मी कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर घालून सुरू केलं. मेमरी कार्डातली गाणीही वाजत होती. अजून काय पाहिजे?

"मावशी, कंपनीकडून असंच येतं. ह्यात मराठी नसतंच."

"नसतं कसं? माज्या विक्कीनं केलतं ना! हितं 'गानी' यायचं, हितं 'फोटू'. तुंगार्लीच्या बंगल्यात सयपाक करताना भीमगीतं लावायचे मी. माजी मी, कुनाला न इचारता."

विक्की त्यांचा एकुलता मुलगा. मागच्या वर्षी काविळीनं गेला.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या यंत्रांना कंपनीचं कुलूप असतं. ते खोलून आपलं सॉफ्टवेअर घालणारी मंडळी एके काळी जगभर होती. पैशाचा संबंध नाही, नुसता नाद. मीही त्यांच्यात होतो, पण आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा. कुरवंडे गावचा विक्की खपणाऱ्यांतला निघाला. त्यानं एकेक शब्द बदलून सगळा मेनू आईच्या बोलीत केला होता, आणि यंत्र सुरू करायच्या भरात मी तो पुसून टाकला होता.

"त्याचा कॉम्प्युटर आहे का घरी?"

"भंगारात गेला. पोराचा आवाज कुटंच न्हाई राह्यला, भाऊ. मोबाइलात बी न्हाई. त्यो कसा बोलायचा, ते हितंच हुतं."

यंत्र मी ठेवून घेतलं.

आमची जुनी वेबसाइट कधीच बंद पडली. तिथली उरलीसुरली टाळकी एका ग्रुपवर असतात. आता सगळ्यांना नोकऱ्या, पोरं, टक्कल. केलेलं सगळ्यांत वाटायचं ही तिथली रीत, तेव्हा विक्कीनंही वाटलं असेल, या आशेवर मी विचारलं. दोन दिवस कुणी हूं की चूं केलं नाही. मग ब्राझीलमधल्या एकानं फाइल पाठवली. सोबत मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, "ही भाषा आम्हाला येत नाही. पण कुणीतरी मेहनत घेतली होती. म्हणून फाइल फेकवली नाही."

ती मी यंत्रात घातली. मावशी आल्या. पडद्यावर 'गानी' दिसलं, 'फोटू' दिसलं. पिशवीत ठेवायला म्हणून त्यांनी बंद करायचं बटण दाबलं, तसा पडद्यावर प्रश्न आला:

बंद करू का, आये?

खाली दोनच शब्द होते. व्हय. न्हाई.

"रोज आसंच इचारायचा," म्हणत त्यांनी पदर तोंडाला लावला. मी उगाच टेबलावरचे स्क्रू गोळा करत बसलो. माझेही डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू?

मग म्हणालो, "बंद करा मावशी, बॅटरी उतरेल."

"उतरंना."

त्यांनी खूण 'न्हाई'वर नेऊन बटण दाबलं. ते चालू यंत्र पिशवीतल्या मेथीच्या जुडीवर अलगद ठेवलं आणि कुरवंड्याच्या रिक्षाकडे चालू लागल्या.