कानाच्या उंचीला

"हलू नकोस. तुझे कान कुठवर येतात ते बघू दे," नवरा म्हणाला आणि त्याने खुर्चीत बसवलेल्या बायकोच्या कानाला मोजायची टेप लावली.

कॉम्प्युटरच्या टेबलाभोवती पाच स्पीकर उभे राहिले होते. तीन समोर, दोन खुर्चीच्या मागे. टेबलाखाली वूफरचा मोठा डबा बसला होता. तिथे तिचं पेडल असायचं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं ऐकून ती घरी टाइप करत असे. पायाने आवाज थांबवायचा, पुन्हा सुरू करायचा. दवाखान्याने त्यासाठीच हा कॉम्प्युटर दिला होता.

"पेडल कुठे टाकलंत?"

"खोक्यात असेल बघ. अगं, उद्यापासून तुझे डॉक्टर चारी बाजूंनी बोलतील. मजा आहे तुझी."

"मला एकाच बाजूने पुरेत. मी हेडफोन लावते."

त्याने टेप पाहून कपाळाला आठी घातली. "छे, तू बुटकी. माझे कान चांगले वीतभर वर येतात." पलंगावरची उशी आणून तो म्हणाला, "ही खाली घे. म्हणजे माझ्याएवढी होशील. त्या अंदाजाने स्पीकर वळवतो."

ती हलेना, तशा दारातून सासूबाई म्हणाल्या, "बस की गं. त्याने एवढं हौसेनं आणलंय, आणि तुला उशी टोचते?"

ती उशीवर बसली. पाय अधांतरी लोंबू लागले. फक्त रविवारी इथे सिनेमा बघणाऱ्या नवऱ्याच्या कानांसाठी घर हललं होतं. रोज ऐकून ऐकून ठणकणारे तिचे कान कुणाच्या खिजगणतीत नव्हते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मुलाला गणित समजवावं तशा आवाजात तिने विचारलं, "अहो, या खुर्चीत रोज कोण बसतं?"

"तूच."

"मग माप कोणाचं घ्यायचं?"

"तू कामाला बसतेस गं. ऐकायला थोडीच बसतेस?"

ती उठली. एकेक वायर सोडवून तिने कॉम्प्युटर आतल्या खोलीत नेला आणि शिलाई मशीनवर मांडला. खोक्यातून पेडल शोधून आणलं.

"अगं, मग मी आवाज कशातून काढू?" नवरा मागोमाग आला.

"ते तुमचं तुम्ही बघा."

तिने हेडफोन चढवले. थकलेला एक डॉक्टर कुणा म्हातारीच्या औषधाबद्दल सांगत होता. औषधाचं नाव खोकल्यात बुडालं. तिने ते मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. नक्की कळल्यावरच तिची बोटं हलली.