वाघजाईचा कौल आणि साडेसात हॉर्सपॉवर

मित्रांनो, आमच्या डोंगरात देवीच्या खालोखाल कोणाचा अधिकार चालत असेल, तर तो माझा. मी मनात आणलं तर सव्वीस एकर रान हिरवंगार होतं, आणि नाही आणलं तर आठवड्यात वाळून कोळसा होतं. मी एक जुना पाण्याचा पंप आहे. मनात आणण्याचं बटण मात्र मला चालवणाऱ्या भागोजीकडे असतं.

माझा जन्म कोइमतूरचा. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगाला निळा रंग होता आणि पोटात साडेसात हॉर्सपॉवरचा ताठा. कशेडीच्या घाटात दरड आली होती, तिथे आमचा ट्रक सहा तास उभा राहिला. त्या सहा तासांत समोरच्या कड्यावरून इतकं पाणी कोसळताना पाहिलं की, या मुलखात पंपाला काय काम असणार, असा प्रश्न मला पडला. एप्रिलमध्ये उत्तर मिळालं.

पोलादपूरच्या पुढे, जिथे पूर्वी नाचणी पिकायची त्या वरकस जमिनीवर मुंबईच्या मालकांनी रिसॉर्ट बांधलं आणि त्याला लागून गोल्फचं मैदान केलं. मैदानात नऊ खड्डे आहेत. खेळणाऱ्याने पांढरा चेंडू काठीने मारत मारत खड्ड्यात घालायचा, मग वाकून तो बाहेर काढायचा आणि पुढच्या खड्ड्याकडे चालू लागायचं. खालच्या वाडीतली माणसं पहिल्या दिवशी बांधावर उभी राहून बघत होती. भागोजीची थोरली वहिनी रंगूबाई शेवटी म्हणाली, "काय हरवलंय गो त्यांचं? सांगा म्हणावं, आपण पण शोधू."

पण गवत मात्र असं होतं की बघणाऱ्याने चप्पल काढावी. सगळा डोंगर मे महिन्यात उंटाच्या पाठीसारखा झालेला, आणि मध्ये हा हिरवा तुकडा! ते माझं कर्तृत्व होतं. दर दसऱ्याला भागोजी मला झेंडूची माळ घालायचा, हळदकुंकू लावायचा, नारळ फोडायचा. मी फुगून जायचो. मी काय उपसतो याचा विचार मी केला नव्हता.

मी उपसत होतो ती वाघजाईची विहीर. देवळाच्या मागे, दगडी पायऱ्यांची. जमीन रिसॉर्टने घेतली, पण पाणी भरायचा हक्क वाडीचा जुनाच राहिला. वाडी कळशीने भरायची, मी चार इंची पाइपाने.

यंदा एप्रिलच्या पंधरा तारखेला विहिरीच्या अकरा पायऱ्या उघड्या पडल्या. बारावीवर चिखल. रंगूबाईची धाकटी लेक श्रुतिका, हिचं लग्न अकरा मेला ठरलेलं. अडीचशे पानं उठायची होती, मुंबईचे भाऊबंद चार दिवस आधीच उतरणार होते. नवऱ्याकडचे म्हणाले, पाण्याचं नसेल जमत तर महाडला हॉल घेऊ. त्यावर रंगूबाई तीन दिवस विहिरीच्या उघड्या पायऱ्या मोजत राहिली. चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तू पितोस रे माझ्या लेकीची हळद." आयुष्यात मला प्रथमच कोणी थेट हाक मारली होती. मी बंद होतो, तरी गरम झालो.

आता उपाय नव्हता असं नाही. रिसॉर्टमध्ये सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट दोन महिन्यांपूर्वीच तयार झाला होता. खोल्यांतल्या आंघोळीचं, स्वयंपाकघराचं आणि संडासाचं पाणी त्यात साफ व्हायचं आणि ओढ्यात सुटायचं. अनुपमा मॅडम, म्हणजे पुण्याहून आलेल्या मॅनेजर, यांनी ठरवलं की यापुढे गवताला हेच पाणी. मालकांनी होकार कळवला. दुसरा पंप मात्र मंजूर झाला नाही. म्हणजे मलाच विहिरीवरून उचलून प्लँटच्या टाकीवर बसवायचं होतं.

भागोजीने पाना खाली ठेवला.

"मॅडम, ह्याच्या तोंडातून आईच्या इहिरीचं पाणी गेलंय. त्याच तोंडातून आता संडासाचं? मी नाय हात लावणार."

"अहो भागोजी, ते शुद्ध केलेलं असतं. मी तुम्हाला रिपोर्ट दाखवते."

"रिपोर्ट आईला दाखवा. तिचा कौल घ्या. उजवा दिला, तर मी एकटा उचलून नेतो."

अनुपमा मॅडमनी अशा अडचणीवरचा धडा कॉलेजात शिकलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "घेऊ या."

मित्रांनो, कौल म्हणजे काय ते सांगतो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी देवळाच्या मागच्या दाराशेजारीच होतो, मला सगळं दिसत होतं.

दत्ताराम गुरवांनी गाऱ्हाणं घातलं, "आई वाघजाई, रिसॉर्टचं घाण पाणी गवताला घालायचं म्हणतायत. मर्जी असेल तर उजवा दे."

डावी पाकळी टपकन पडली. जणू वाटच बघत होती.

मॅडमचा चेहरा उतरला. भागोजीने माझ्याकडे विजयाने बघितलं. तेवढ्यात रंगूबाई पुढे झाली. "थांबा हो गुरव. आता मी सांगते ते इचारा. इहिरीचं पाणी गवताला घालायचं का?"

नव्या पाकळ्या लागल्या. पुन्हा डावी पडली.

भागोजी हळूच म्हणाला, "म्हंजे गवताला पाणीच नाय?"

"आई शहाणी हाय," रंगूबाई म्हणाली. "तिला कुठं गोल्फ खेळायचाय."

दत्ताराम गुरव डोकं खाजवत मॅडमकडे वळले. "मॅडम, खरं सांगा. ते पाणी घाण हाय का साफ हाय? मी घाण म्हणालो, कारण भागोजी तसं म्हणाला. आईला चुकीचं सांगून कौल लावला, तर ती बरोबर उत्तर कसं देणार?"

अनुपमा मॅडम उठल्या आणि उन्हात पळत सुटल्या. परत आल्या तेव्हा हातात काचेचा ग्लास होता. प्लँटच्या शेवटच्या नळाचं पाणी. तो ग्लास हातोहात फिरला. गुरवांनी वास घेतला. रंगूबाईने तो दारातल्या उन्हात धरला. पलीकडचा डोंगर त्यातून उलटा, पण स्वच्छ दिसत होता.

"अगो बाय," ती म्हणाली. "ह्ये आपल्या इहिरीपेक्षा नितळ हाय."

"मंग पी वहिनी," भागोजी म्हणाला.

"तू पी."

कोणीच प्यायलं नाही. पण ग्लास देवीपुढे ठेवला गेला. गुरवांनी तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं, या वेळी सगळं खरं सांगून: पाणी कुठून येतं, कसं साफ होतं, आणि वाडीत लग्न आहे तेसुद्धा. पाकळ्या हलेनात. पाच मिनिटं, वीस मिनिटं. मॅडमनी केव्हा हात जोडले ते त्यांनाही कळलं नसावं. चाळीस मिनिटांनी उजवी पाकळी देवीच्या खांद्यावरून घरंगळत ग्लासात पडली.

भागोजी शब्दाला जागला. एकट्याने मात्र नाही, चौघे लागले.

प्लँटवर मी पहिल्यांदा पाणी बदलताना पाहिलं. एका टोकाला काळं, फेसाळ, तोंड फिरवावं असं पाणी येतं. मग त्यात हवेचे बुडबुडे चढतात, गाळ खाली बसतो, पाणी वाळूतून उतरतं, कोळशातून उतरतं, आणि दुसऱ्या टोकाला असं निघतं की जणू त्याच्यावर काही गुदरलंच नाही. मी आयुष्यभर पाणी नुसतं खालून वर नेलं. मेलेलं पाणी इथे उठून बसतं, हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी पहिला फवारा उडवला तेव्हा, खरं सांगतो, माझा आवाज थोडा घोगरा होता.

इकडे विहिरीच्या झऱ्याला उसंत मिळाली. भागोजी रोज जाऊन पायऱ्या मोजायचा. अकरा उघड्या होत्या त्या नऊ झाल्या, मग सात. अकरा मेला श्रुतिकाला वाघजाईच्या पाण्याने न्हाऊ घातलं, अंगणात अडीचशे पानं उठली, आणि रंगूबाईने येता जाता प्रत्येकाला, मुंबईच्या पाहुण्यांना तर दोनदा, पाणी हवं का म्हणून विचारलं.

या कामाबद्दल रिसॉर्टने एक माहितीपत्रक छापलं. त्यात प्लँटचा फोटो आहे. मी डाव्या कडेला अर्धा कापला गेलो आहे. माळ यंदा मिळेल की नाही, ठाऊक नाही. भागोजी अजून मला शिवल्यावर हात साबणाने धुतो.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. पाणी मोरीत ओतताना त्याला घाण म्हणून टाकू नका. त्याचं पुढे काय करता येईल ते एकदा विचारा, आणि विचाराल तेव्हा सगळं खरं सांगून विचारा. आणि माझ्यासारख्यांना वेळच्या वेळी ग्रीस द्या.

मैदान हिरवंगार राहिलं. या उन्हाळ्यात वऱ्हाडातली दीडशे माणसं तिथे फोटो काढून गेली. गोल्फ खेळायला तिघे आले. त्यांतल्या एक अनुपमा मॅडम होत्या.