न पोळणारे तळवे

चमत्कार खरा ठरला असता, तर माझ्या दादाच्या पदरात बरंच काही पडणार होतं. साखरेचा चहा. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्यांतून मोकळीक. आणि मुख्य म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टरांपासून सुटका. त्या दर महिन्याला त्याचे तळवे उलटसुलट करून बघायच्या आणि घरीही रोज जमिनीवर आरसा ठेवून बघायला सांगायच्या. दादा टपाल वाटायचा. दिवसाला दहा किलोमीटर चालायचा. "पन्नाशी उलटल्यावर पायांना कसला आरसा दाखवायचा?" म्हणायचा.

म्हणून मधुमेह घालवून देतो म्हणणाऱ्या एका बाबांच्या सभेला, पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात, तो सगळ्यांत पुढे बसला. शेजारी मी. दोनशे माणसं, पंखा एक. मधोमध निखाऱ्यांवर लोखंडी पत्रा. त्यावर पाणी शिंपडलं की चर्र व्हायचं आणि दोनशे गळ्यांतून एकच हुंकार निघायचा.

"साखर जाते कुठून? तळव्यांतून!" बाबा म्हणाले. "ज्याची श्रद्धा पूर्ण, त्याचे पाय मी गार ठेवतो. पाय तुमचे, चटका माझा!" हे ते गादीवर मांडी घालून सांगत होते.

आधी एक इस्त्रीवाली बाई उठली. पहिल्याच पावलाला "आई गं!" म्हणत तिने खाली उडी मारली.

"शंका! चटका शंकेला बसतो," बाबा म्हणाले. बाई डोळे पुसत मागे जाऊन बसली.

मग बाबांनी दादाकडे बोट केलं. "हे चालतील." दादा सात पावलं चालला. काखेत पत्रांचा गठ्ठा असावा, तसा निवांत. सभागृह उभं राहिलं. सगळ्यांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

त्याच दिवशी गोळ्या बंद झाल्या.

नवव्या दिवशी वहिनीला त्याच्या मोज्याचा वास आला. आम्ही त्याला जवळजवळ ओढत दवाखान्यात नेलं. सिस्टरांनी मोजा सोडवला. भाजलेला तळवा चिघळला होता. रागावल्या नाहीत. नुसतं विचारलं, "काका, कशावर चाललात?"

दादाने सगळं अभिमानाने सांगितलं.

त्यांनी काडीला लावलेला नायलॉनचा जाड धागा काढला. "डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणा."

अंगठा, टाच, चवडा. दादा वाट बघत राहिला. शेवटी म्हणाला, "अहो, सुरू करा की!"

"झालं, काका." दोन्ही पायांवर मिळून दहा जागा झाल्या होत्या. मी मोजल्या.

"साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की नसा बधिर होतात," सिस्टर म्हणाल्या. "चटका बसला. तुम्हाला निरोप पोचला नाही, इतकंच."

"मग बाबांनी दोनशे जणांतून नेमकं मलाच कसं ओळखलं?"

"तेच बघायला येते."

पुढच्या सभेला त्या जिन्याशी उभ्या राहिल्या. बाबा तिथेच सगळ्यांचं स्वागत करायचे. वर जाताना एका म्हाताऱ्याची चप्पल निसटली. तो तसाच एक पाय अनवाणी चढत राहिला. त्याला पत्ताच नव्हता. बाबांनी हळूच मान डोलावली.

सिस्टरांनी चप्पल उचलली. "चप्पल निसटलेली कळते का, हे मीही प्रत्येकाला विचारते. फरक एवढाच की नाही म्हणणाऱ्याला मी पत्र्यावर चढवत नाही."

वर सगळ्यांसमोर धागा निघाला. म्हाताऱ्याला एकही टोचणी कळली नाही. इस्त्रीवालीचं मात्र "हो, हो, अहो बाई, हो!"

"श्रद्धा कमी नव्हती तुमची. पाय चांगले आहेत," सिस्टर तिला म्हणाल्या. मग गादीकडे वळल्या. "आता बाबांचा तळवा."

"आम्ही देहापलीकडे गेलेलो आहोत."

"मग हरकत कसली?"

धागा तळव्याच्या खोलगट भागाला लागला. बाबा खुदकन हसले आणि पाय आखडून घेतला. त्यांना गुदगुल्या झाल्या होत्या.

"उत्तम! नसा शाबूत आहेत. चला, सात पावलं."

"आज योग नाही," बाबा म्हणाले आणि मागच्या जिन्याने गेले.

सिस्टर तेव्हा जे बोलल्या, ते इथे लिहून ठेवतो. मधुमेह असेल तर रोज तळवे बघा. अनवाणी फिरू नका. कुणा बाबाच्या सांगण्यावरून गोळी थांबवू नका. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं समजू नका. आणि तुमचा चटका मी सोसतो म्हणणाऱ्याला आधी स्वतः चालायला सांगा.

दादाच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. वाटपाचं कामही गेलं. आता तो बसून शिक्के मारतो. पत्र्यावर चाललेले आणखी अकरा जण दवाखान्यात आले. त्यांतल्या एका आजींचा पाय घोट्यापासून काढावा लागला. सिस्टरांचे सहा रविवार घरोघरी पट्ट्या बदलण्यात गेले. वहिनीची झोप गेली, ती अजून आलेली नाही.

बाबांचं काही गेलं नाही.