सोबतीची लागवड

गोदाम बंद झालं तेव्हा साहेबांना सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते रिकाम्या रॅकांचं. नोकरी गेल्याचं दुःख त्याच्यानंतर. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच काम मन लावून केलं होतं: कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवायचा ते ठरवायचं. साबणाशेजारी चहा नको, फिनेलशेजारी पीठ नको, आणि वीतभर जागा मोकळी दिसली की सगळ्यांना फैलावर घ्यायचं. 'साहेब' हे नाव हमालांनी ठेवलेलं. खरे साहेब वेगळेच होते आणि ते गोदामाकडे फिरकतसुद्धा नसत. घरी मात्र आई त्यांना 'बाळ' म्हणायची. बाळाचे केस पार पांढरे झाले होते, पण आईला कोण सांगणार!

घरी बसल्यावर साहेबांचं अन्नच तुटलं. खुर्चीत बसायचं आणि समोरच्या भिंतीकडे बघायचं, एवढाच उद्योग. बायको औषधांच्या दुकानात कामाला जायची. ती संध्याकाळी परत यायची तेव्हा सकाळी वाढून ठेवलेलं ताट तसंच झाकलेलं असायचं. आई ते ताट दिवसातून चारदा उघडून बघायची आणि पुन्हा झाकून ठेवायची.

अशात कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. घराच्या अंगणात अन्नवन कसं उभारावं, त्याबद्दलचा. त्यातला माणूस सांगत होता की झाडांनाही सोबत लागते. मक्याच्या आधाराने घेवडा चढतो, घेवडा जमिनीला खत देतो, भोपळ्याची पानं खाली ओल धरून ठेवतात. झेंडू टोमॅटोची राखण करतो. वर फळझाड, त्याखाली झुडूप, त्याखाली भाजी, मातीत कंद, आणि मोकळं काही म्हणून ठेवायचं नाही. साहेब ताडकन उभे राहिले. अहो, हे तर गोदामच! फक्त हिरवं.

दुसऱ्या दिवशी साहेब कुदळ घेऊन मागच्या अंगणात उतरले, आणि त्या दिवशी दुपारी त्यांनी पोटभर जेवून वर भात मागितला. आईने पदराने डोळे टिपले. बायको म्हणाली, "आता अंगणाचं काय व्हायचं ते होवो."

व्हायचं ते झालंच. पपई आली, पेरू आला, लिंबाच्या पायाशी पुदिना आला. कपडे वाळत घालायची दोरी गेली, तिथे केळ आली. बायको ओले कपडे घेऊन जिन्यात उभी राहिली तर साहेब म्हणाले, "दोरी काय, कुठेही बांधता येते. केळीला ओल लागते." एकट्या झाडाची त्यांना भारी कीव यायची. कोपऱ्यातल्या डाळिंबाभोवती त्यांनी लसूण, कांदे आणि तुळस अशी काही दाटी केली की त्याला श्वास घ्यायचीही पंचाईत.

राहिलं मागचं कुंपण. साधं जाळीचं, पुरुषभर उंच. त्याच्यापाशी आईची खुर्ची असायची, आणि जाळीच्या पलीकडे नर्सबाईंची. नर्सबाई म्हणजे पाठीमागच्या घरातल्या, दवाखान्यातून कधीच्या निवृत्त झालेल्या. दोन्ही घरं पाठीला पाठ लावून उभी, पण दारं दोन वेगळ्या रस्त्यांना. भेटायला जायचं म्हणजे अख्ख्या वस्तीला वळसा, आणि दोघींचे गुडघे असे की वळसा सोडा, पायरीसुद्धा नको. फोनचाही उपयोग नव्हता, कारण नर्सबाईंचे कान गेले होते. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखत. म्हणून रोज चार वाजले की दोघी कुंपणाशी. सुनेची उणीदुणी, गुडघे, मेलेले नवरे, काहीच वर्ज्य नव्हतं. दिवसभरात आई खळखळून हसायची ती तेवढ्या वेळात.

"आई, कुंपणावर पॅशनफ्रूटचा वेल सोडतोय," साहेबांनी एक दिवस जाहीर केलं.

"कुठल्या रे कुंपणावर?"

"मागच्या. नुसती जाळी उघडी पडलीय. जागा वाया चाललीय सगळी."

"बराच वाढतो का तो?"

"वाढतो म्हणजे? पलीकडचं काही म्हणजे काही दिसणार नाही!"

"बरं. तू जेवलास का?"

"जेवलो की. दोनदा वाढून घेतलं."

"मग लाव," आई म्हणाली.

सून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, मी सांगू का त्यांना?"

"खबरदार! कसाबसा रमलाय तो. तोंडातून अक्षर काढायचं नाही."

वेल असला माजला की सांगता सोय नाही. पावसाळा सरता सरता जाळी दिसेनाशी झाली. आईची खुर्ची साहेबांनीच उचलून व्हरांड्यात ठेवली, कारण तिच्या जागी आता आलं लावायचं होतं. आईला म्हणाले, "इथून सगळं वन छान दिसतं बघ." आईने मान डोलावली.

मग त्या वेलाला कीड लागली. कीड कसली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. साहेबांच्या मात्र आलं नाही. ऐन मध्यावर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, पानं नाहीशी होऊ लागली. बशीएवढं भोक, कडा कशा अगदी साफ. साहेबांनी फोटो काढून बागवाल्यांच्या ग्रुपवर टाकले. कुणी अळी म्हणालं, कुणी खार, कुणी गोगलगाय. साहेब भिंग घेऊन पानं तपासत होते आणि व्हरांड्यात आई शिवणाची कात्री पदराखाली धरून बसली होती.

"एवढी टापटीप कीड मी जन्मात पाहिली नाही," साहेब म्हणाले.

"असेल बाबा एखादी वळणाची," आई म्हणाली.

साहेबांनी भोकाखाली झेंडूची रांग लावली. कीड हटेना. उग्र वासाचा लसूण लावला. कीड तो तुडवून गेली. शेवटी त्यांनी मिरच्या आणि लसूण वाटून, पाण्यात कालवून, भोकाच्या चारी बाजूंनी रोज दुपारी फवारायला सुरुवात केली. बायको दुकानात होती, नाहीतर तिने पंपच हिसकावला असता.

दुसऱ्या दिवशी आईचा डावा डोळा टोमॅटोसारखा.

"काय झालं गं?"

"कांदा चिरला."

"तू कधीपासून कांदा चिरायला लागलीस?"

"आजपासून," आई म्हणाली आणि आत जाऊन झोपली. बायकोने दुकानातून डोळ्यांत घालायचे थेंब आणले, ते घालताना ती नवऱ्याकडे अशी काही बघत होती की दुसरा कुणी असता तर समजला असता. साहेब हात चोळत म्हणाले, "कीड गेली बरं का. दोन दिवसांत एक पान तुटलं नाही."

आनंदाच्या भरात ते चार वाजता आल्याला माती लावायला कुंपणाशी जाऊन बसले. त्यांचा धक्का लागून वेल हलला, तसा पलीकडून आवाज आला.

"आलीस का गं बाई एकदाची! डोळा कसा आहे? परवा चोळत गेलीस ती गेलीसच."

"मावशी, मी आहे," साहेब म्हणाले.

"इथे पानं हलली म्हणून कळलं. रोज येऊन परत जातेय मी."

"मावशी! मी आहे, मी!" साहेब ओरडले. पण ओरडून काय उपयोग? ते खाली मातीत बसलेले आणि नर्सबाईंना ओठ दिसल्याशिवाय काही कळत नाही.

"तू बोलू नकोस, तोंड दिसत नाहीये तुझं. मीच बोलते. घर विकलं गं भाच्याने. रविवारी न्यायला येतोय मला, कायमचं. हे सांगायला किती दिवस तुला शोधतेय मी. दिसलीस तेव्हा अर्धा गाल दिसला, त्या गालाला काय सांगू?" नर्सबाईंनी नाक शिंकरलं. "आणि बाळाला नाही हो सांगत मी काही. तो जेवायला लागलाय ना, झालं तर मग. फक्त ती मिरची जरा बेताने घाल म्हणावं. माझाही डोळा चुरचुरतोय."

साहेब तिथेच मातीत बसून राहिले. लाज वाटली त्यांना. इतकी, की कान तापले. मग ते उठले आणि दोन्ही हातांनी वेल ओढायला लागले. वेल सहजी सुटेना. त्यांनी कोयता आणला.

आवाज ऐकून आई भिंत धरत बाहेर आली. "अरे अरे, बाळ! फळं धरलीत की त्याला!"

"आई, नर्समावशी रविवारी चालल्या. कायमच्या."

उपटलेल्या आल्याच्या जागी साहेबांनी खुर्ची आणून ठेवली आणि तिला हाताला धरून बसवलं. जाळीच्या पलीकडे नर्सबाई उभ्या होत्या. दोघींचे डोळे लाल. एकमेकींना बघून दोघींना आधी हसू फुटलं.

रविवारपर्यंत दोघी सकाळ-संध्याकाळ तिथेच होत्या. साहेब चहा नेऊन देत होते आणि तिथे थांबत नव्हते. रविवारी टेम्पो आला, सामान गेलं, नर्सबाई गेल्या.

सोमवारी चार वाजता आई सवयीने खुर्चीत जाऊन बसली. साहेबांनी स्वतःसाठी दुसरी खुर्ची आणली आणि तिच्याशेजारी मांडली.

"बोल ना आई काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मावशींशी बोलायचीस ते."

आईने त्यांच्याकडे मायेने बघितलं. तिने मनापासून प्रयत्न केला. गुडघ्याचं सांगून झालं, उन्हाचं सांगून झालं.

"बाळ," ती हळूच म्हणाली, "तू जेवलास ना?"

"जेवलो."

"मग लाव तो तुझा वेल परत. आता पलीकडचं नाही दिसलं तरी चालेल मला."