आधी बाळाकडे बघा

नात आली ती दीड महिना आधीच. एवढी घाई करून आली आणि इथे येऊन श्वास घ्यायलाच विसरायला लागली! घेता घेता मध्येच थांबायची. छाती हलायची बंद, ओठ निळसर, मशीनचा ठणाणा. मग सिस्टर शांतपणे तिचा तळवा चोळायची, की बाईसाहेब पुन्हा सुरू.

"लवकर आलेल्या बाळांचं होतं असं," सिस्टर म्हणाली. "मेंदू अजून शिकतोय. औषध चालू आहे. वाढेल तसं थांबेल."

"माझ्यावर गेलीय," मी म्हणालो. "शाळेत मीही निम्मं विसरायचो."

सिस्टर हसली. माझी लेक नाही हसली. ती काचेच्या पेटीशी बसून नुसती मशीनचे आकडे बघायची. दूध काढून द्यायची, पण बाळाला छातीशी घ्या म्हटलं की मागे सरायची. "माझ्याजवळ असताना थांबली तर?" एवढंच म्हणायची. आयुष्यभर मी भल्याभल्यांच्या टोप्या उडवल्या, रडक्यांना हसवलं. तिच्यापुढे माझी डाळ शिजेना.

शेवटी सिस्टरनेच दटावलं. "ताई, मी इथेच आहे. आणि मशीन कधीकधी उगाच बोंबलतं. आधी बाळाकडे बघायचं. रंग बघा, छाती बघा." असं म्हणून तिने पोरीला उचललं, थेट आईच्या छातीवर ठेवलं आणि वरून पांघरूण घातलं.

थोडा वेळ बरा गेला. आणि मशीन केकाटलं. आकडाच गायब!

"सिस्टर! अहो सिस्टर! थांबली ती!" मी असा ओरडलो की शेजारच्या पेटीपाशी बसलेली बाई दचकून उभी राहिली.

"बाबा, गप्प बसा." लेक खाली बघत होती. मशीनकडे नाही, बाळाकडे. "गुलाबी आहे. छाती हलतेय. पायाची वायर सुटलीय बघा."

सिस्टर धावत आली, वाकून बघितलं. "बरोबर! लाथ मारली कार्टीने." तिने पट्टी पुन्हा बांधली.

"आयला, जन्मून आठवडा नाही झाला आणि आजोबाचा मामा केला!"

लेक हसली. इतक्या दिवसांनी. हसता हसता तिच्या छातीवरचं ते मूठभर पोरही वरखाली झालं.

"ठेवू परत पेटीत?" सिस्टरने विचारलं.

"राहू दे ना थोडा वेळ." तिने तो इवलासा तळवा अंगठ्याखाली धरला. "बाबा, तुम्ही बाहेर जा. तिला झोपू दे."

मी गेलो. आजवर मला पुष्कळांनी हाकललंय, पण इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.