बाबेलच्या सिंहासनावरचा बदली राजा

मी बाबेलचं सिंहासन बोलतंय. मुजरा करू नका, मुजऱ्यांचा मला वीट आलाय.

माझं लाकूड यरुशलेमेच्या मंदिरातलं, देवदाराचं. लुटून आणलं आणि इथल्या सुतारांनी मला घडवलं. त्याच लुटीत बंदी होऊन एक इब्री, म्हणजे यहुदी, तरुण आला, पलट्या. तो इथंच म्हातारा झाला. एकामागून एक परके राजे माझ्यावर बसले आणि तो प्रत्येकाची चाकरी इमानाने करत राहिला. त्याचा देव त्याच्याशी बोलतो, असं लोक म्हणत. दरबारातले ज्योतिषी त्याच्यावर भारी जळायचे.

मध्यंतरी चंद्राला ग्रहण लागलं. ग्रहण म्हणजे राजाचा मृत्यू, असं हे लोक मानतात. त्यावर तोडगाही ठरलेला. एका बदली माणसाला राजवस्त्रं घालून माझ्यावर बसवायचं आणि धोक्याचे दिवस सरले की विष पाजायचं. तोवर खरा राजा मागच्या महालात लपतो आणि सगळे त्याला 'शेतकरी' म्हणतात. काय ही माणसं!

थोरला ज्योतिषी बेल-उकीन एका माळ्याला धरून घेऊन आला. माळी राजाच्या पाया पडू लागला.

पलट्या पुढे झाला. "महाराज, या गरिबाने कुणाचं काय घोडं मारलंय? सोडा त्याला."

"एवढा पुळका आलाय तर तूच बस की!" बेल-उकीन म्हणाला.

"बसतो."

माझ्या काळजात चर्र झालं.

राजाचा शिक्का आता पलट्याच्या हाती होता. पहारेकरी त्याचा शब्द झेलत. त्याचे इब्री भाऊबंद धावत आले.

"काका, आपल्या लोकांच्या सुटकेचा हुकूम काढा! सगळेच घरी जाऊ. तुमचाही जीव वाचेल."

"विश्वासाने दिलंय रे हे. उसन्या शिक्क्याने देवाच्या दारात कसा जाऊ?" म्हातारा बोलता बोलता रडला. मला त्याचा रागही आला आणि मायाही वाटली.

मुदत संपली, राजा परत आला. पलट्या उठला. "घ्या महाराज, तुमचं राज्य. ग्रहणाला भिऊ नका. भ्या त्या चालून येणाऱ्या पर्शियन फौजेला. नदीकडची वेस उघडी आहे, आधी ती बंद करा."

"अजून हुकूमच सोडतोय बघा!" बेल-उकीन म्हणाला. सगळे हसले. राजा हसला नाही, पण त्याने विषाचा पेला अडवलाही नाही. पलट्या माझ्या पायाशीच गेला. वेशीकडे कुणी मेलं फिरकलंसुद्धा नाही!

आज त्याच वेशीतून फौज आत शिरलीय. किंकाळ्या जवळ येताहेत. राजा माझ्यावरून उठून उभा आहे, अंगावरची राजवस्त्रं उतरवून समोर धरतोय.

"बेल-उकीन, बस लवकर!"

"महाराज, माझी कंबर धरलीय हो..." असं म्हणत तो दाराकडे सरकला.

"अरे, कुणीतरी बसा!"

दरबार रिकामा झालाय. राजा आता माझ्याकडे पाहतोय.

ये बाबा, बस. आज तुझ्याऐवजी कुणी नाही.